साठ वचनं आणि एक ऑर्गन

“हे गीत सुरू झालं तेव्हा पोर मांडीवर होतं, संपेपर्यंत त्याचं लग्नाचं वय होईल,” माझ्या मागच्या बाकावरून बेकरीवाली पुटपुटली.

पुटपुटली म्हणजे तिच्या मापाने. भट्टीच्या आवाजावर मात करून बोलायची सवय असलेल्या बाईचं पुटपुटणं तीन बाकांपर्यंत ऐकू जातं. माझा डावा कान तर तिच्यापासून वीतभरच लांब होता. तो तापला. मी मान न वळवता गात राहिले. म्हणजे गाण्यासारखं तसं काही चाललं नव्हतं, कारण आख्खी मंडळी दुसऱ्या कडव्यातल्या एका अक्षरावर उभी होती आणि पुढच्या अक्षराची वाट बघत होती. बसस्टॉपवर उभं राहतात ना, येईल, येईल, म्हणत, तशी.

ते अक्षर माझ्या सासूबाईंच्या बोटांत अडकलं होतं.

आमच्या चर्चचा पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन सासूबाई अडतीस वर्षं वाजवतायत. मंडळीतल्या निम्म्या लोकांच्या लग्नात त्यांनी वाजवलं आणि उरलेल्यांच्या आईवडिलांना वाजवत शेवटपर्यंत पोचवलं. सासरे गेले त्यानंतर तिसऱ्या दिवशी रविवार होता. त्या दिवशीही त्या बाकावर वेळेआधी हजर होत्या. पण गेली दोन वर्षं त्यांच्या बोटांचे सांधे धरलेत. चार मिनिटांचं गीत अकरा मिनिटांवर गेलंय. हा हिशोब माझ्या लेकीचा. ती कॉलेजात शास्त्र शिकते आणि प्रार्थनेत डोळे मिटून घड्याळ बघू शकते.

हे सगळ्यांना दिसत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. पाळकसाहेबांनी आधी पाच गीतांची तीन केली, मग उपदेश अर्ध्यावर आणला. त्याबद्दल तरी लोकांनी सासूबाईंचे आभार मानायला हवे होते. बाकी सगळे त्यांच्या चालीने हळू गात राहिले. तो बाक सुटला तर या बाईकडे रविवारी करायला काय उरेल, हा विचार मनात आला की गाणं आणखीच हळू व्हायचं.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, असा प्रश्न होता. त्या रविवारी तापलेल्या कानाने घरी येताना मी ठरवलं, की हे काम देवाने करावं.

मी शिवणकाम करते. ते मला कोणी शिकवलं नाही, दुसऱ्यांचं उसवून उसवून मी शिकले. त्यामुळे सरळ वाट सोडून आडव्या वाटेने मुक्कामी पोचायची मला सवय आहे. माझी योजना अशी: घरात रोज सकाळची उपासना पुन्हा सुरू करायची. डब्यात साठ वचनांच्या चिठ्ठ्या ठेवायच्या. प्रत्येकाने रोज एक काढायची, दिवसभर तसं वागायचं आणि दुसऱ्या सकाळी काय झालं ते सांगायचं. साठात मी सात-आठ वचनं अशी घालणार होते, की एक ना एक दिवस सासूबाईंच्या हाती विश्रांतीबद्दल किंवा प्रत्येक गोष्टीच्या नेमलेल्या वेळेबद्दल काहीतरी लागेल, त्यांच्या डोक्यात प्रकाश पडेल आणि सुंठीवाचून खोकला जाईल. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून लोक गोळी मारतात, मी सरळ देवाचाच खांदा घेतला.

“फार छान,” सासूबाई म्हणाल्या. “अर्ध्या चिठ्ठ्या मी लिहिते. तुझं अक्षर कापडावर खडूने मारलेल्या खुणांसारखं आहे.”

इथून माझ्या योजनेला पहिलं भोक पडलं.

पहिल्याच सकाळी आमच्या ह्यांच्या हाती जे वचन आलं त्याचा भावार्थ असा, की तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही असावं. हे पाणीपुरवठा खात्यात तक्रार खिडकीवर बसतात. तिथे होय आणि नाही हे दोन्ही शब्द वापरात नाहीत. ‘बघू’, ‘वर कळवलंय’ आणि ‘काम चालू आहे’ या तीन वाक्यांवर ह्यांनी बावीस वर्षं नोकरी केली. त्या दिवशी एका आजोबांनी विचारलं, “साहेब, आज पाणी येईल का?” हे म्हणाले, “नाही.” आजोबांनी विचारलं, “उद्या?” हे म्हणाले, “नाही. पाइप गुरुवारपर्यंत येणार नाही आणि आला तरी बसवणारा रजेवर आहे.”

आजोबांनी खिडकीतून हात आत घालून ह्यांचा हात हातात घेतला म्हणे. दुपारपर्यंत रांग जिन्याखाली गेली. तक्रार नसलेले लोकही नुसतं खरं ऐकायला उभे राहिले. एकाने तर आपल्या मुलीच्या स्थळाबद्दल विचारलं.

चार दिवसांनी ह्यांना कागद आला. ‘आपण खिडकी क्रमांक तीनवर नागरिकांस विनापरवानगी वस्तुस्थिती सांगितल्याचे निदर्शनास आले आहे. तरी लेखी खुलासा तीन प्रतींत सादर करावा.’ ह्यांनी खुलाशात वचनाचा आधार दिला. त्यावर उलट टपाली विचारणा आली, की सदर वचन कार्यालयीन वेळेत लागू आहे काय, आणि असल्यास वचनाची साक्षांकित प्रत जोडावी.

पाळकसाहेब शिक्का घेऊन बसले आणि थांबले. “साक्षांकित म्हणजे मूळ प्रतीशी ताडून बघितलं, असं मला लिहून द्यावं लागेल,” ते म्हणाले. “आणि मूळ प्रत कुठे आहे हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांनाही सुटलेला नाही.” त्यांनी विचार करायला आठवडाभराची मुदत मागून घेतली.

समोरच्या दारात राहणारे मोजणीकाका हे सगळं ऐकत होते. आयुष्यभर जमिनीची मोजणी करून ते निवृत्त झालेत आणि आता माणसं मोजतात. आमची उपासना दार उघडं ठेवून चालते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःची खुर्ची घेऊन यायला लागले. ते चर्चला येत नाहीत, पण डब्यात हात घालायला कुणाची बंदी नव्हती.

लेकीला निघालं, की बोलायची घाई करू नये. नेमकी त्या दिवशी तिची तोंडी परीक्षा होती. परीक्षकांनी प्रश्न विचारला की ती मोजून एक मिनिट गप्प बसायची आणि मग उत्तर द्यायची. परीक्षकांनी शेरा दिला, ‘विचारी’. आमच्या घरात एवढा खोटा शेरा आजवर कुणाला मिळाला नव्हता.

सासूबाईंना काय निघावं? आळशाने मुंगीकडे जाऊन शहाणपण शिकावं. अडुसष्ट वर्षांची बाई, आयुष्यात दुपारी आडवी झालेली नाही, पण वचन ते वचन. त्यांनी स्टूल घेतलं आणि साखरेच्या डब्यासमोर बसल्या. मी फडकं उचललं की, “थांब, माझं शिक्षण चाललंय.” शिक्षण एका दिवसात पुरं होईना, आणि पाच दिवसांत मुंग्यांनी ओट्यावरून फ्रिजपर्यंत रस्ता काढला, त्याला फाटे फोडले. आमचा चहा काळा झाला. दूध नसल्याने नाही हो, मुंग्या असल्याने. विश्रांतीचं वचन मात्र काही केल्या त्यांच्या हाती लागेना.

मग माझी पाळी आली. माझ्या हाती खऱ्या मापाचं वचन आलं. देवाला खोटं माप आवडत नाही, असं काहीसं.

आता शिवणकामातलं एक गुपित सांगते. गिऱ्हाइकाचा घेर वाढला तर कोणतीही शहाणी शिवणारी ते बोलत नाही. ‘कापड धुतल्यावर आटलंय’ म्हणायचं आणि मुकाट्याने शिवण सोडायची. या एका वाक्यावर माझी वीस वर्षांची गिऱ्हाइकं टिकून आहेत. आणि त्या दिवशी दारात उभी राहिली ती बेकरीवाली, हातात वर्धापनदिनाला घालायचा झगा.

मी टेप लावली. डोळे मिटले. प्रार्थना केली. “साडेचार इंच वाढलाय,” मी म्हणाले.

“कापड आटलं असेल,” ती म्हणाली. तिलाही ते वाक्य पाठ होतं.

“नाही. कापड आहे तेवढंच आहे.”

बेकरीवालीने झगा माझ्या हातातून काढून घेतला, त्याची नीट घडी केली आणि तोंड माझ्या कानाजवळ आणलं. “ताई, माझा घेर किती इंच वाढला ते दिसतं तुम्हाला. सासूबाईंचं गीत किती वाढलंय त्याला टेप लावता का कधी?”

अशा वेळी उत्तर दोन तासांनी, भांडी घासताना सुचतं. तसं ते सुचलं, पण तेव्हा ऐकायला फक्त मुंग्या होत्या.

बेकरीवाली खोटं बोलत नव्हती, हीच पंचाईत होती. आणि वर्धापनदिन तीन आठवड्यांवर आला होता. मंडळी स्थापन झाल्याचा दिवस, आमचा दरवर्षीचा मोठा कार्यक्रम. या वर्षी शेजारच्या दोन गावांतल्या मंडळ्या पाहुण्या येणार होत्या, दीडशे माणसं. आम्ही हळू गायला शिकलो होतो. पाहुणे कसे शिकणार? ते त्यांच्या चालीने पुढे निघून जाणार, गीत संपवून खाली बसणार, आणि माझी सासू भर चर्चमध्ये दीड कडवं मागे एकटी वाजवत राहणार. कुणीतरी हसणार. मुद्दाम नाही, पण हसणार. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की माझ्या हातून मशीनची सुई तुटायची. त्या आठवड्यात तीन तुटल्या.

त्यातच आणखी एक चिठ्ठी निघाली. प्रेमाने खरं बोला. सासूबाईंच्या अक्षरात होती.

ह्यांनी ती काढली, वाचली, खोकले आणि म्हणाले, “दोन एकदम आल्या वाटतं.” परत टाकून दुसरी काढली. दुसऱ्या दिवशी लेकीला आली. तिने ‘अक्षर लागत नाही’ म्हणून परत टाकली. सासूबाईंचं अक्षर छापल्यासारखं आहे. तिसऱ्या दिवशी मला आली. मी ती पदराला हात पुसता पुसता खाली पाडली आणि खालून उचलताना बदलली. चौथ्या दिवशी मोजणीकाकांना आली. ते छाती काढून म्हणाले, “मला हे लागू नाही. मी रोजच खरं बोलतो.”

“मग आज बोला की,” सासूबाई म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. “आज हवा फार छान आहे,” ते म्हणाले.

नंतर जिन्यात गाठून त्यांनी मला सल्ला दिला. “वहिनी, माणसात दोष काढू नये. यंत्रात काढावा. जमिनीचा वाद निघाला की आम्ही मोजणीच्या साखळीलाच चूक ठरवायचो, दोन्ही पक्ष खूष. ऑर्गन बिघडलाय म्हणा. दुरुस्तीला महिना लागतो म्हणा. तोवर बाईंची सवय मोडेल.” त्यांच्या ओळखीचा एक वाद्य दुरुस्त करणारा होता. त्याला आम्ही चर्चमध्ये बोलावलं. त्याला सगळं सूचक भाषेत समजावण्याचं काम काकांनी अंगावर घेतलं होतं. काकांची भाषा फारच सूचक निघाली. तो दोन तास ऑर्गनच्या पोटात डोकं घालून बसला, बाहेर आला आणि सासूबाईंसमोर म्हणाला, “असा ठणठणीत ऑर्गन मी बघितला नाही. अजून पन्नास वर्षं जाईल.”

“तोवर मीही आहे,” सासूबाई म्हणाल्या. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

शेवटी मी पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, हे तुमचं काम. ते म्हणाले, खरं आहे, मी त्याबद्दल दोन वर्षं प्रार्थना करतोय. पण ते आले. चांगले कपडे घालून, गुरुवारी संध्याकाळी. सासूबाईंसमोर बसले. पाणी मागितलं. पुन्हा पाणी मागितलं. मी स्वयंपाकघराच्या पडद्यामागे कान लावून उभी.

“आजीबाई,” पाळकसाहेब म्हणाले, “वर्धापनदिनाच्या उपासनेत ऑर्गनबद्दल जरा बोलायचं होतं.”

“बोला ना.”

“म्हणजे, इतकी वर्षं तुम्ही... आणि आता वयोमानाने... म्हणजे मंडळीच्या वयोमानाने... तर मी विचार करत होतो, की या वेळी तीन गीतं...”

“कमी वाटतात,” सासूबाई म्हणाल्या.

“हो ना,” पाळकसाहेब म्हणाले. “सहा घेऊ या.”

ते गेल्यावर लेकीने हिशोब केला. सहासष्ट मिनिटं.

“तू वाजव ना,” मी लेकीला म्हटलं. “आजीनेच शिकवलंय तुला.”

“आजीला आधी उठवणार कोण?” ती म्हणाली. “मी त्या बाकावर बसले म्हणजे तिला सांगितल्यासारखंच झालं. मी नाही सांगणार. तू सांग.”

“तुझ्या बाबांना सांगू दे. त्यांची आई आहे.”

हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, “बघू. वर कळवलंय.”

वर्धापनदिन तीन दिवसांवर आला तेव्हा मी ते केलं, जे एखाद्या श्रद्धावान बाईने करू नये. सगळी कापडं बाजूला सारून बसले, प्रत्येक गोष्टीला तिची वेळ असते, हे एकच वचन पंधरा चिठ्ठ्यांवर लिहिलं आणि डब्यातल्या पंधरा काढून त्या आत टाकल्या. देवाला थोडी मदत. एवढ्या मोठ्या कारभारात एखाद्या घराकडे त्याचं लक्ष राहत नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसलो. मोजणीकाका खुर्चीसह हजर. पाळकसाहेबही आले होते, ह्यांच्या वचनाची साक्षांकित प्रत घेऊन. मूळ प्रतीच्या जागी त्यांनी ‘पिढ्यानपिढ्या ऐकत आल्याप्रमाणे’ असं लिहून शिक्का मारला होता. बेकरीवालीसुद्धा दारात उभी होती. झगा घेऊन. वर्धापनदिन काही तिच्या घेरासाठी थांबणार नव्हता.

सासूबाईंनी हात घातला, चिठ्ठी काढली, वाचली. “प्रत्येक गोष्टीला तिची वेळ असते. छान आहे.” मी मनात हात जोडले. “आता तू काढ,” त्या ह्यांना म्हणाल्या.

ह्यांनी काढली. त्यांचा चेहरा उतरला. तेच वचन.

“तू.” लेकीला तेच. काकांना तेच. मला आलं तेही तेच, पण मी बघतच राहिले, कारण ते माझ्या अक्षरात नव्हतं.

सासूबाईंनी डबा टेबलावर उपडा केला. त्यांना एकेक चिठ्ठी सपाट करायला वेळ लागत होता. कागद बोटांत येत नव्हता, निसटत होता. आम्ही सगळे आपापल्या पायांकडे बघत होतो. मग त्यांनी चिठ्ठ्यांचे ढीग लावायला सुरुवात केली.

“ही खडूच्या खुणांसारखी, पंधरा. तुझी.” मी मान खाली घातली. “ही ऑफिसच्या कागदाच्या पाठीवर, जावक क्रमांकासकट. तुझी.” ह्यांनी मान खाली घातली. “ही वहीच्या कागदावर, समास आखून. ही तर नातीची.” लेक टेबलाखाली काहीतरी शोधायला लागली. “यावर तारीख आहे, अनुक्रमांक आहे आणि उत्तर दिशेचा बाण आहे.”

“सवय,” मोजणीकाका म्हणाले.

“ही दोन मंडळीच्या छापील कागदावर.” पाळकसाहेबांनी दोन वेळा पाणी का मागितलं होतं ते मला आत्ता कळलं. “आणि ही खाकी पिशवीचा तुकडा, तुपाचा डाग पडलेला.” सासूबाईंनी तो वास घेऊन बघितला आणि दाराकडे मान वळवली. बेकरीवालीने झगा तोंडावर धरला.

डब्यात मूळची एकही चिठ्ठी उरली नव्हती. मोठमोठ्या कटांत निदान एकमेकांना विचारतात तरी.

“देवाला इतक्या अक्षरांत लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी ढीग सरळ केले, हात मांडीवर ठेवले आणि ह्यांच्याकडे बघितलं. “कसली वेळ झाली रे?”

“चहाची,” हे म्हणाले.

“काका, तुम्ही सांगा. कसली वेळ झाली?”

“माझी जायची,” काका म्हणाले आणि खुर्चीसकट उठले, पण दारात बेकरीवाली उभी होती, म्हणून परत बसले.

“पाळकसाहेब?”

“याचा व्यापक अर्थ घेतला तर,” पाळकसाहेब म्हणाले, “तशी ती सगळ्यांचीच झालेली असते.”

सासूबाईंनी लेकीला विचारलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला, वाकड्या झालेल्या बोटांनी, आणि माझ्याकडे वळल्या. सव्वीस वर्षं ही बाई माझ्याकडे अशीच बघत आली आहे, भाजीत मीठ पडलंय का हे विचारताना बघते तशी. खरं ते सांग आणि लवकर सांग, अशी. त्या माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. मला वाटतं, त्या बऱ्याच दिवसांपासून थांबल्या होत्या.

रविवारी दीडशे परकी माणसं पुढे निघून जातील, हे मला पुन्हा दिसलं. मी खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसले.

“आई,” मी म्हणाले, “ऑर्गन सोडायची वेळ झाली. तुमची बोटं आता चालत नाहीत, आणि दोन वर्षं झाली, आम्ही सगळे तुमच्यासाठी हळू गातोय.”